शुक्रवारचं डायलिसिस, शब्बाथचा दिवा: ठाण्यातल्या एका बेने इस्राएल घराचा प्रकरण अभ्यास

इथे मांडलेलं कुटुंब प्रातिनिधिक आहे. ठाणे-मुंबईतल्या बेने इस्राएल (कोकणातून आलेल्या मराठी ज्यू) घरांमध्ये दीर्घ आजाराच्या काळात ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, त्या एका घरात एकत्र आणल्या आहेत. धर्मशास्त्राचे आणि औषधोपचाराचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत. प्रत्येक रुग्णाचं पथ्य त्याच्या नेफ्रॉलॉजिस्टकडून (मूत्रपिंडतज्ज्ञाकडून) आणि प्रत्येक सवलत रब्बींकडून (ज्यू धर्मगुरूंकडून) किंवा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनालयात, प्रार्थना चालवणाऱ्या जाणत्या हझानकडून पडताळून घ्यावी.

घरात पाच माणसं. वडील ४६ वर्षांचे, खासगी कंपनीत हिशेबनीस होते, आता नोकरी नाही. आई शाळेत शिकवते. आजी ७४ वर्षांची, म्हणजे वडिलांची आई. मुलगी १६ वर्षांची, मुलगा १२ पूर्ण करून बार मित्झ्वाच्या, म्हणजे तेरा पूर्ण झाल्यावर धार्मिकदृष्ट्या सज्ञान होण्याच्या, उंबरठ्यावर. वडिलांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली असून आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास हिमोडायलिसिस (यंत्राने रक्त शुद्ध करणं) चालतं. उपचाराचा मोठा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून सुटला. तरी इंजेक्शनं, गोळ्या, तपासण्या आणि रिक्षाभाडं उरतंच. आईच्या दोन बहिणी इस्राएलमध्ये, एक अश्दोदला आणि एक दिमोनाला. इथे ठाण्यात १८७९ सालचं शाआर हाशामाईम सिनेगॉग आहे, पण घरापासून चालत पंचवीस मिनिटांवर.

आजाराच्या पहिल्या सहा महिन्यांत या घराने दोन टोकं गाठली. सुरुवातीला धार्मिक गोष्टी वाढवल्या: जास्त प्रार्थना, जास्त नवस, जास्त पक्वान्नं. मग सगळं एकदम सुटलं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाचा) दिवा लागेना, किद्दूश (पेल्यावर म्हणायची शब्बाथची प्रार्थना) होईना, मुलगा हिब्रूचा धडा घ्यायला जाईना. या दोन्ही टोकांमागचं कारण एकच होतं. घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं की धर्म पाळायचा तर पूर्वीसारखा सगळा पाळायचा, आणि ते जमत नसेल तर काहीच उरत नाही. ज्यू धर्मशास्त्र असं सांगत नाही. रुग्णासाठी जिथे नियम सैल होतो, तिथे ते सैल होणंसुद्धा नियमाचाच भाग आहे. हे एकदा घरात रुजलं की बाकीचं बहुतेक व्यवस्थेचं काम उरतं. ती व्यवस्था कशी बसली, ते पुढे.

पहिला प्रश्न वाराचा होता. डायलिसिस केंद्रात दोन गट असतात, सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार. वडिलांना आधी दुसरा गट मिळाला होता, म्हणजे दर शब्बाथला चार तास यंत्रावर. आजी त्यावरून रोज अश्रू ढाळायची, आणि वडिलांनी दोनदा शनिवारचं सत्र चुकवलं. दुसऱ्यांदा फुप्फुसात पाणी साठून रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. इथे शास्त्र निःसंदिग्ध आहे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायचाच असतो, त्याला पिकुआह नेफेश म्हणतात. तोरातल्या (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या) लेवीय पुस्तकाच्या १८व्या अध्यायात आज्ञांविषयी ‘त्यांच्या योगे मनुष्य जगेल’ असं वचन आहे, आणि तालमूद (रब्बींच्या चर्चांचा प्राचीन ग्रंथ) त्याचा अर्थ लावतं की त्यांच्या योगे जगावं, मरू नये. जिवाचा धोका असताना सत्र चुकवणं ही भक्ती नव्हे, ती आज्ञेची पायमल्ली आहे. हे आजीला सिनेगॉगच्या हझानने घरी येऊन, तिच्या शेजारी बसून सांगितलं तेव्हा पटलं. मुलाने फोनवर वाचून दाखवलं होतं तेव्हा पटलं नव्हतं. अशी गोष्ट कोण सांगतो याला घरात फार महत्त्व असतं.

सोबतच केंद्राकडे अर्ज केला आणि तीन महिन्यांनी सोम-बुध-शुक्र गटातली सकाळची पहिली पाळी मिळाली. पाळी पहिलीच मागावी. सात ते अकरा सत्र झालं की रुग्ण घरी येऊन चार-पाच तास झोपतो. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला असतो आणि अंग गळून गेलेलं असतं. दुपारची पाळी असेल तर माणूस दिवेलागणीला घरी पोहोचतो आणि किद्दूशला बसूच शकत नाही. ठाण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या पुढे. दिवा सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचा, म्हणजे हिवाळ्यात पावणेसहाच्या आत सगळं आवरलेलं हवं.

या गटातही एक धोका आहे आणि तो बहुतेक घरांच्या लक्षात येत नाही. शुक्रवारनंतर पुढचं सत्र थेट सोमवारी. आठवड्यातलं सगळ्यात लांब अंतर नेमकं शब्बाथ आणि रविवारवर येतं. शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठायला याच दिवसांत सर्वाधिक वेळ मिळतो, आणि सणासुदीचं जेवणही याच दिवसांत असतं. म्हणून शब्बाथचं ताट आठवड्यातलं सगळ्यात काळजीपूर्वक बनवलेलं ताट असायला हवं. ‘आजच्या दिवस चालतं’ हे वाक्य या घरातून हद्दपार झालं.

शुक्रवारी वडील यंत्रावर आणि आई शाळेत, त्यामुळे स्वयंपाक गुरुवारी रात्रीच उरकला जातो. शब्बाथला चूल पेटत नाही, म्हणजे पथ्याचं जे काही करायचं ते आधीच करून ठेवायचं. भाज्या बारीक चिरून दोन तास कोमट पाण्यात भिजवायच्या, भरपूर पाण्यात उकडायच्या, पाणी ओतून द्यायचं. यात भाजीतलं बरंच पोटॅशियम निघून जातं. मासा साधाच, पापलेट किंवा रावस, खवले आणि पंख पाहून घेतलेला. डायलिसिसवरच्या माणसाला प्रथिनं कमी पडू देऊन चालत नाही, त्यामुळे मासा आणि अंड्याचा पांढरा भाग ताटातून जाता कामा नये. कालवण एकाच पातेल्यात करायचं, पण मीठ आणि नारळाचं दूध घालण्याआधी वडिलांचा वाटा वेगळा काढायचा. नारळाचं दूध हा आपल्या स्वयंपाकाचा प्राण आहे, मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही म्हणून कोकणातल्या आपल्या पूर्वजांनी तेच सगळीकडे वापरलं. पण त्यातही पोटॅशियम भरपूर असतं. त्यांना चवीपुरतं चमचाभर पुरे.

मांस आणलं तर आणखी एक गोष्ट पाहावी. कोशेर (धर्मनियमानुसार खाण्यायोग्य) करताना मांस अर्धा तास पाण्यात भिजवतात, तासभर मीठ लावून ठेवतात आणि तीनदा धुतात. एवढं धुऊनही मीठ आत राहतंच. अशा मांसाला एक उकळी काढून ते पाणी टाकून द्यावं आणि मग शिजवावं, वरून मीठ अजिबात नको. बाजारात ‘लो सोडियम’ नावाने मिळणारं मीठ मात्र चुकूनही घरात आणू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड असतं, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या हृदयाला ते थेट धोक्याचं आहे. या घरात एका हितचिंतक नातेवाइकाने तेच भेट दिलं होतं.

दिव्याचं काम आजीकडे गेलं. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात, ही आपली जुनी पद्धत. तेल जेवण संपेपर्यंत पुरेल एवढं. आधी दिवा, मग हातांनी डोळे झाकून आशीर्वाद, की आधी आशीर्वाद आणि मग दिवा, हे ज्या घरात जसं चालत आलंय तसं ठेवावं. वडील दोनदा दवाखान्यात दाखल झाले तेव्हा आईचा प्रश्न होता की तिथे दिवा कसा लावायचा. लावायचा नाही. ऑक्सिजनच्या आसपास ज्योत म्हणजे आग. तारेचा साधा विजेचा बल्ब शब्बाथच्या दिव्याच्या भावनेने लावायला बऱ्याच रब्बींची संमती आहे. घरी आजी लावतेच, तेवढ्यानेही घराचं कर्तव्य पूर्ण होतं.

दिव्याआधी दोन छोट्या गोष्टी आल्या, आणि पुढे त्यांनीच घर सावरलं. पहिली सेदाक्याची, म्हणजे दानाची, डबी. तालमूद सांगतं की जो स्वतः मदतीवर जगतो त्यानेही दान द्यावं. आजारामुळे हे घर घेणाऱ्यांच्या बाजूला आलं होतं: सिनेगॉगमधून मदत, नातेवाइकांकडून पैसे, सरकारी योजना. मुलीला त्याची लाज वाटायची आणि ती मैत्रिणींना घरी बोलवेना. दर शुक्रवारी प्रत्येकाने एक नाणं डबीत टाकायचं आणि वर्षअखेरीला डबी कुणाला द्यायची ते मुलीने ठरवायचं, असं केलं. ती रक्कम त्याच डायलिसिस केंद्रातल्या एका रुग्णाच्या रिक्षाभाड्याला गेली. दुसरी गोष्ट अश्दोद-दिमोनाचे फोन. इस्राएलची वेळ आपल्या अडीच तास मागे असते, हिवाळ्यात साडेतीन तास. आपली दिवेलागण म्हणजे तिकडे अजून दुपार, तिकडच्या संध्याकाळची वाट पाहिली तर इथे शब्बाथ लागलेला असतो. म्हणून व्हिडिओ कॉल दुपारी चारला, वडील उठल्यावर, दहा मिनिटं. दिवा लागला की फोन बंद.

किद्दूश हा सगळ्यात गुंतागुंतीचा भाग, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसभरात साधारण ५०० मिलीलीटर आणि जेवढी लघवी होते तेवढंच पाणी चालतं. त्यात चहा, औषधाबरोबरचं पाणी, कालवण, सगळं मोजलं जातं. किद्दूशचा पेला किमान ८६ मिलीलीटरचा हवा. आपल्या घरांत वाइनच्या जागी काळ्या मनुकांचं सरबत करायची जुनी पद्धत आहे. १०० ग्रॅम मनुका ३०० मिलीलीटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी कुस्करून पिळायच्या आणि गाळून घ्यायच्या. मनुका पिळल्यावर त्यातून रस निघायला हवा. कोरड्या खडखडीत मनुका नुसत्या पाण्यात उकळल्या तर त्या पाण्यावर द्राक्षफळाचा आशीर्वाद म्हणता येत नाही. पाणीही मनुकांच्या सहापटीच्या आतच हवं. हे सगळं जमलं तरी रुग्णासाठी अडचण राहतेच: १०० ग्रॅम मनुकांत साधारण ७५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं.

तोडगा शास्त्रातच आहे. किद्दूश म्हणणाऱ्यानेच प्यायला हवं असं नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी गालभर, म्हणजे साधारण ४५ मिलीलीटर प्यायलं की सगळ्यांचं किद्दूश होतं. आता वडील पेला उजव्या हातात धरून म्हणतात आणि आई पिते. वडिलांना चमचाभर मिळतं, ते त्यांच्या पाण्याच्या हिशेबात लिहिलं जातं. काही घरं रात्रीचं किद्दूश पावावरही करतात, शास्त्रात तीही मुभा आहे. सुरुवातीला वडिलांना हे अपमानास्पद वाटलं. पेला हातात घेऊन न पिणं म्हणजे आपण अर्धे माणूस, अशी त्यांची भावना. इथे घाई करून समजावू नये. तीन-चार शुक्रवार गेल्यावर त्यांनी स्वतःच पेला आईकडे पुढे केला.

त्यानंतर मुलांना आशीर्वाद. मुलासाठी ‘देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखा करो’, मुलीसाठी सारा, रिव्का, राहेल आणि लेआची नावं, आणि मग तोरातल्या गणना पुस्तकाच्या ६व्या अध्यायातला याजकांचा आशीर्वाद. एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवून हे म्हणायला मिनिटभर लागतं. वडील आता मुलांना शाळेत सोडायला जाऊ शकत नाहीत, फी भरू शकत नाहीत, क्रिकेट खेळू शकत नाहीत. या एका मिनिटात मात्र ते पूर्ण बाप असतात. मुलगी सोळाची, तिला आधी संकोच वाटायचा, पण ज्या शुक्रवारी वडील दवाखान्यात होते त्या शुक्रवारी तिनेच फोनवर आशीर्वाद मागून घेतला, अर्थात सूर्यास्ताआधी. आमच्या मते आजारी घराने शब्बाथमधलं बाकी सगळं सोडावं लागलं तरी हा आशीर्वाद सोडू नये.

पावाला मीठ लावताना वडिलांचा तुकडा नुसता टेकवायचा किंवा तसाच द्यायचा. जेवण चार पदार्थांचं होतं ते एका गरम पदार्थावर आणलं. आई आधी शुक्रवारी टेबलावरच झोपून जायची, आणि तिची चीड मुलांवर निघायची. दिवा, किद्दूश, दोन पाव, एक गरम पदार्थ, आशीर्वाद. एवढंच. फरशी पुसलेली नसली तरी शब्बाथ येतो.

शनिवारी रात्री हावदाला, म्हणजे शब्बाथला निरोप. पेला, सुगंध, ज्योत आणि मग निरोपाचा आशीर्वाद, हा क्रम. पेला पुन्हा आईकडे. पण सुगंध सगळ्यांचा. लवंग, दालचिनी, थोडा सब्जा एका छोट्या डबीत. वडिलांच्या आयुष्यात आता प्रत्येक घोट आणि प्रत्येक घास मोजून असतो. वासाला माप नाही. हावदालाला ती डबी त्यांच्याकडे सगळ्यात जास्त वेळ राहते, आणि मुलाने ते ओळखून डबीत नवं काय घालायचं याची जबाबदारी स्वतःकडे घेतली.

रोजच्या दिवसात दोन प्रार्थना टिकल्या. सकाळी अंथरुणातच मोदे आनी, उठल्या उठल्या देवाचे आभार मानणारी, हिब्रूत अवघे बारा शब्द, त्याला पाणीही लागत नाही. दुसरी अशेर यात्झार, शौचालयातून आल्यावर म्हणायची. देहात छिद्रं आणि पोकळ्या आहेत, त्यातलं एक जरी फुटलं किंवा बंद झालं तरी तुझ्यापुढे उभं राहणं अशक्य, असं तिच्यात म्हटलं आहे. निरोगी माणूस ती पुटपुटत निघून जातो. ज्याची लघवी दिवसेंदिवस कमी होत चालली आहे, त्याच्यासाठी हे वाक्य तपासणीच्या अहवालाइतकं नेमकं आहे. वडिलांना वाटलं होतं की एवढ्याशा लघवीला कसली प्रार्थना. पण शुल्हान आरुख हा ज्यू नियमांचा ग्रंथ सांगतो की एक थेंब झाला तरी आशीर्वाद म्हणावा. त्या दिवसापासून त्यांनी ती कधी चुकवली नाही, आणि आई म्हणते की या घरात आता सगळेच ती सावकाश म्हणतात.

तेफिल्लीनची (प्रार्थनेच्या वेळी हातावर आणि डोक्यावर पट्ट्यांनी बांधायच्या, तोरातली वचनं असलेल्या चामडी डब्यांची) अडचण कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. डायलिसिससाठी हाताची शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात, बहुधा कमी वापराच्या हातावर. तेफिल्लीनही त्याच हातावर बांधतात. फिस्टुलाच्या हाताला घट्ट पट्टा, रक्तदाबाचा कफ, घड्याळ, पिशवीचं ओझं, काहीही चालत नाही, कारण प्रवाह थांबला तर फिस्टुला बंद पडतो. वडील गुपचूप सैल बांधत होते. परिचारिकेने पट्ट्याचे वळ पाहिले तेव्हा कळलं. मिश्नात (तालमूदच्या मूळ संहितेत) स्पष्ट आहे की हाताचं तेफिल्लीन नसलं तरी डोक्याच्या तेफिल्लीनला बाध येत नाही, दोन्ही स्वतंत्र आज्ञा आहेत. रब्बींना विचारून आता ते फक्त डोक्याचं घालतात. ज्या घरात फिस्टुला व्हायचा आहे, तिथे हा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच विचारावा. फिस्टुला कुठल्या हातावर करायचा ते मात्र शल्यविशारदाने शिरा पाहून ठरवायचं.

योम किप्पुरला (प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवशी), आजीच्या भाषेत दार फाळणीच्या सणाला, खरा संघर्ष झाला. वडिलांनी आयुष्यात रोजा मोडला नव्हता. डॉक्टरांनी औषधं आणि थोडं अन्न आवश्यक सांगितलं. शास्त्रात यासाठी मोजमाप आहे. एका वेळी ३० मिलीलीटरपेक्षा कमी आकारमानाचं अन्न, गालभरापेक्षा कमी पेय, आणि दोन वेळांमध्ये साधारण नऊ मिनिटांचं अंतर. मुलीने आदल्या दिवशी छोट्या डब्या भरून ठेवल्या, घड्याळ लावून दिलं. डॉक्टर म्हणतील की एवढ्याने भागत नाही, तर नेहमीसारखं जेवायचं. महत्त्वाचं पुढे आहे: पूर्ण जेवण झालं तर रुग्ण जेवणानंतरच्या प्रार्थनेत सणाचा याले वेयावो हा परिच्छेद जोडतो. चोरून खाणाऱ्याला शास्त्राने कधी प्रार्थना नेमून दिली नसती. वडिलांचं खाणं त्या दिवसाच्या उपासनेतच मोजलं गेलं. हे वाचल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार बंद करून खाणं सोडलं आणि सगळ्यांसमोर बसले.

मुलाचा प्रश्न वेगळाच होता. पप्पांनी काय केलं होतं म्हणून असं झालं? भेटायला येणाऱ्या एका पाहुण्याने ‘देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो’ असं मुलासमोर म्हटलं होतं. तालमूद अशा बोलण्याला शब्दांनी केलेली इजा म्हणतं. दुःखात असलेल्या माणसाशी इयोबाचे मित्र त्याच्या दुःखासाठी त्यालाच दोष देत बोलले तसं बोलू नये, असा थेट निर्बंध आहे. मुलाला उत्तर तालमूदच्या बेराखोत या भागातल्या एका प्रसंगातून मिळालं. रब्बी हिय्या बार अब्बा आजारी पडले. रब्बी योहानान भेटायला गेले आणि विचारलं, ही दुःखं तुला प्रिय आहेत का? ते म्हणाले, दुःखंही नकोत आणि त्यांचं फळही नको. योहानान म्हणाले, हात दे. हात दिला आणि त्यांना उठवलं. पुढे योहानान स्वतः आजारी पडले तेव्हा त्यांनाही दुसऱ्याने हात देऊन उठवावं लागलं, कारण कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही. या प्रसंगात कुणीही आजाराचं कारण सांगत नाही. मुलाला हे पुरलं. ते आईसाठीही होतं. सगळ्यांना उठवणारी ती, तिलाही कुणाचा तरी हात हवा होता.

तो हात भेटीच्या नियमांतून आला. बिकुर होलीम, रुग्णाची भेट, ही मोठी आज्ञा, पण येणाऱ्यांनी या घराला आधी थकवलंच. मराठी रीतीप्रमाणे प्रत्येक जण शहाळं, केळी, मोसंबी घेऊन येई. तिन्हींत पोटॅशियम, आणि शहाळ्यात वर पाणी. शेवटी आईने सिनेगॉगच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर यादी टाकली. फळं नकोत, शहाळं अजिबात नको. भेट पंधरा मिनिटांची. दिवसाच्या पहिल्या आणि शेवटच्या तीन तासांत नको. हा शेवटचा नियम तालमूदचाच आहे: सकाळी रुग्ण बरा दिसतो म्हणून भेटणारा त्याच्यासाठी प्रार्थना करत नाही, संध्याकाळी तो खालावलेला दिसतो म्हणून आशा सोडतो. शब्बाथला भेटायला गेलं तर रडगाणं न गाता ‘आज शब्बाथ आहे, आज आक्रोश करायचा नाही, बरं होणं जवळ आहे’ असं म्हणायचं. आणि यादीत शेवटी: खरंच काही द्यायचं असेल तर बुधवारी सकाळी केंद्रात चार तास बसा. चार कुटुंबांनी आळीपाळीने बुधवार वाटून घेतले. आता आई बुधवारी थेट शाळेत जाते, शुक्रवारी आजीचा भाचा केंद्रात बसतो.

वर्ष पुरं झाल्यावर आजीला मलिदा (एलियाहू हानाबी या संदेष्ट्याच्या नावाने करायचा आभाराचा विधी) करायचा होता. नवस बोललेला होता. आईचं म्हणणं, बरे झाले कुठे? आजीचं म्हणणं, फुप्फुसात पाणी भरलं त्या रात्रीतून एलियाहू हानाबीने परत आणला, ते काय कमी आहे. आम्हाला आजीचं बरोबर वाटतं. मलिद्याचं ताट मात्र बदलावं लागलं. दोन वाट्या पोहे धुऊन, अर्धी वाटी साखर (गूळ नको, त्यात पोटॅशियम असतं), एक वाटी ओलं खोबरं, वेलची. बदाम-मनुका बाजूला, ज्यांना चालतं त्यांनी घ्यायच्या. पाच फळांत नेहमीची खजूर आणि केळं आशीर्वादासाठी ठेवली, ती बाकीच्यांनी खाल्ली. वडिलांसाठी सफरचंद, पेअर आणि अननसाचा एकेक छोटा तुकडा. गुलाबाचा वास सगळ्यांनी घेतला. एलियाहू हानाबीचं गीत आजीने धरलं.

पेसाहची (वल्हांडण सणाची) तयारी सोपी निघाली. मत्झा ही बेखमीर भाकरी म्हणजे फक्त पीठ आणि पाणी, त्यात मीठ नसतंच. हारोसेतसाठी (सणाच्या ताटातल्या गोड लगद्यासाठी) आपल्याकडे खजुराचा शिरा करतात, तो वडिलांना बोटाला लावण्यापुरता. मिठाच्या पाण्यात बुडवून खायची भाजी त्यांनी झटकून घ्यायची. सणाच्या रात्री प्यायच्या चार पेल्यांचा हिशेब दोन दिवस आधी रब्बींकडून आणि डॉक्टरांकडून एकत्र ठरवून घ्यावा, कारण तिथे किद्दूशसारखं दुसऱ्याने प्यायलं की झालं असं नसतं.

राहिली मुलाची बार मित्झ्वा. सगळ्यांनी शनिवार गृहीत धरला होता. शनिवारी वाहन नाही, आणि वडिलांना पंचवीस मिनिटं चालवत नाही. पण तोरा सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही वाचली जाते. सोमवारी डायलिसिस. गुरुवार मात्र बुधवारच्या सत्रानंतरचा दिवस, म्हणजे आठवड्यात वडिलांचं अंग सगळ्यात हलकं असतं तो. रिक्षा चालते, फोटो चालतात, दिमोनाच्या मावशीला व्हिडिओवर बोलावता येतं. एकच अडचण मिन्यानची: कामाच्या दिवशी सकाळी सातला दहा पुरुष हवेत, त्यासाठी महिनाभर आधी सांगून ठेवावं लागतं. बिमाजवळ (तोरावाचनाच्या व्यासपीठाजवळ) वडिलांसाठी पाठ असलेली खुर्ची लागते. तोरा उचलण्याचा मान त्यांना देऊ नये, फिस्टुलाच्या हातावर ते वजन चालणार नाही. त्यांना आलियाला (वाचनाच्या आशीर्वादासाठी पुढे) बोलवावं, आणि मुलाचं वाचन झालं की बापाने म्हणायचं वाक्य बारुख शेपेतारानी त्यांनी बसून म्हटलं तरी चालतं.